बोराकाय सोडून कार्लेसला

शुक्रवार, इलोइलो

फिलिपिन्सला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "बोराकायला गेला होतात का?" नाही गेलो. बोराकाय पनाय बेटाच्या वायव्य टोकाला खेटून आहे. त्याच पनायच्या दुसऱ्या, ईशान्येच्या कोपऱ्यात कार्लेस नावाचं मच्छीमारांचं गाव आहे आणि समोर समुद्रात हिगांतेसची बेटं. आम्ही तिकडे गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या. आत्याचं सगळं आयुष्य हर्णैला गेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली, पण बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की अजूनही तिचा पाय घरात ठरत नाही. निघताना तिची अट एकच होती : "रिसॉर्टात नेऊ नकोस. जिथे होड्या लागतात तिथे ने."

कागदपत्रांचं आधी उरकून टाकते. भारतीय पासपोर्टवर जून 2025 पासून पर्यटनासाठी 14 दिवस व्हिसा लागत नाही. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट आणि मुक्कामाचं बुकिंग हाताशी हवं. पोहोचण्याआधीच्या 72 तासांत ई-ट्रॅव्हलचा फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि क्यूआर कोड फोनमध्ये ठेवायचा. हा फॉर्म फुकट आहे; जी साइट पैसे मागेल ती सरकारी नव्हे. मनिलाहून पनायवरच्या इलोइलो शहराला विमानाने तासाभराहून थोडं जास्त लागतं. घड्याळ अडीच तास पुढे करायचं.

इलोइलो शहराला 2023 मध्ये युनेस्कोच्या खाद्यसंस्कृतीच्या शहरांच्या यादीत जागा मिळाली. इथल्या ला पाझ बाजारातला बाचॉय प्रसिद्ध : नूडल्स, डुकराच्या मांसाचे आणि काळजाचे तुकडे, वरून उकळता रस्सा आणि तळलेल्या कुरकुरीत कातडीचा चुरा. मी खाल्ला, मला आवडला. आत्या त्या वाटेला गेली नाही. ती पलीकडच्या खानावळीत काउंटरवर मांडलेल्या पातेल्यांची झाकणं एकेक करून उघडत होती. तिथे तसंच करतात, झाकण उचलून बघायचं आणि बोट दाखवायचं. शुक्रवार होता आणि ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, त्यामुळे बऱ्याच पातेल्यांत मांस नव्हतं. एकात शेवग्याचा पाला घातलेले मूग. दुसऱ्यात काळसर दाणे, फणसाच्या कुयरीचे तुकडे आणि सुकी मासळी.

"अगं, ही तूर आहे!" आत्या जवळजवळ ओरडली.

तूरच होती. तिला तिथे काद्योस म्हणतात. एरवी ही भाजी डुकराचं मांस घालून करतात, उपासाच्या शुक्रवारी त्याऐवजी सुकी मासळी. आंबटपणा चिंचेचा वाटेना म्हणून विचारलं, तर मालकीणबाईंनी आतून हिरवी, गोल, लिंबापेक्षा लहान फळं आणून दाखवली. बातवान. आत्याने एक दाताने फोडलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "आमसुलाच्या घरातलं आहे हे." घरी आल्यावर बघितलं, तर बातवान आणि आपला रातांबा खरंच एकाच कुळातले, दोघंही गार्सिनिया.

शनिवार, कार्लेस

उत्तरेकडे जाणाऱ्या बस आणि व्हॅन हारो भागातल्या तागबाक स्थानकावरून सुटतात. कार्लेसजवळच्या एस्तान्सिया बंदरापर्यंत साडेतीन तास. भाताची खाचरं, उसाचे मळे, प्रत्येक गावात चर्च आणि चर्चसमोर बास्केटबॉलचं मैदान. एस्तान्सियाला उतरून ट्रायसिकल केली. म्हणजे मोटारसायकलच्या बाजूला जोडलेला पत्र्याचा डबा, ज्यात आपल्या अंगाचे दोघं बसले की गुडघे हनुवटीला लागतात. आत्या डब्यात, मी चालकाच्या मागे, बॅगा टपावर, अशा थाटात कार्लेसला पोहोचलो.

गाव एका बैठकीत पाहून होतं. एक मोठा रस्ता, चर्च, नगरपालिका, बाजार आणि मग थेट पाणी. पाण्यात सगळीकडे पाम्बोट. ही इथली इंजिनाची होडी, अरुंद आणि दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या लांब बांबूच्या उलांड्या बांधलेली. कोकणात उलांडी एकाच बाजूला असते, त्यामुळे आत्याला त्या दोन बाजूंचं फार कौतुक. किनाऱ्यावर उभं राहून तिने बांबू कशाने बांधलेत, जोड कुठे आहे, इंजिनाचा दांडा किती लांब आहे, हे सगळं तपासलं. जाळं शिवत बसलेल्या एका माणसाने नायलॉनचा दोरा उचलून दाखवला. दोघांची एकमेकांना एक ओळ समजत नव्हती आणि संभाषण छान चाललं होतं.

उतरलो ते एका घरगुती मुक्कामात. घरमालक सत्तरीच्या आसपासचे. थोरल्या माणसांना इथे मानोंग म्हणतात आणि बायकांना मानांग. आम्हीही तसंच म्हणत होतो. मानोंग आयुष्यभर बोटीवर होते, बोसन, म्हणजे आपला सारंग. इलोइलो हा खलाशांचा प्रांत आहे. नौकानयन शिकवणाऱ्या संस्था शहरात आहेत आणि गावोगावची पक्की घरं बोटीवरच्या पगारातून उभी राहिलेली दिसतात. मुंबई म्हटल्यावर मानोंग लगेच म्हणाले, "न्हावा-शेवा!" नव्वदच्या दशकात त्यांचं जहाज तिथे लागलं होतं. लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसं त्यांना अजून आठवत होती. आत्याचे एक दीर बोटीवर होते, ते सांगितल्यावर तर आम्ही पाहुण्यांच्या पायरीवरून नातलगांच्या पायरीवर आलो. रात्री जेवायला टेबलावर काय नव्हतं! बांगड्याच्या जवळचाच हासा-हासा मासा कोळशावर भाजलेला, कोलंबी, कढईत परतलेली माकुलं आणि मधोमध सिनामाकची बाटली. नारळाच्या व्हिनेगरमध्ये बारक्या तिखट मिरच्या, लसूण, आलं आणि कुळंजन मुरत घातलेलं असतं. ज्यात त्यात शिंपडायचं. आत्याने बाटलीची जागा बदलून ती आपल्या ताटाजवळ घेतली आणि पुढचे सगळे दिवस ती तिथेच राहिली.

रविवार, कार्लेसच

सकाळी निघून बेटांवर मुक्कामाला जायचं ठरलं होतं. पहाटे उठले तेव्हा माडाच्या झावळ्या एका अंगाला झुकलेल्या आणि खाडीबाहेर पाणी पांढरं. अमिहान म्हणजे ईशान्येचा वारा. नोव्हेंबरपासून तो वाहतो, फेब्रुवारीअखेर उतरतो असं म्हणतात, पण मार्चच्या सुरुवातीलाही एखादा दिवस असा येतो. तटरक्षक दलाने लहान होड्यांना परवानगी दिली नव्हती. धक्क्यावर मनिलाहून आलेला एक तरुण घोळका फार वैतागला होता. कोणी वाद घालत होतं, कोणी जास्त पैशांची गोष्ट करत होतं. होडीवाले शांत. वारा आहे तर नाही जायचं, यात बोलण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा. आत्या त्यांच्याच बाजूची. "बंदरात धोक्याचा बावटा लागल्यावर कोणी होडी काढतं का?" ती मला म्हणाली आणि परत जाऊन झोपली.

म्हणून तुम्ही जाणार असाल तर बेटांच्या आधी किंवा नंतर एक मोकळा दिवस ठेवाच, आणि परतीचं विमान बेटावरून आल्याच्या संध्याकाळचं घेऊ नका. मार्च ते मे समुद्र सगळ्यात निवळ. जूनपासून हबागात, म्हणजे नैर्ऋत्येचा पाऊस. ईस्टरचा आठवडा मात्र टाळा. अख्खा देश समुद्रावर येतो.

तो अडकलेला रविवार मला सगळ्यात जास्त आवडला. प्रार्थना सुटल्यावर चर्चसमोर भाताचे गोड इबोस विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात भिजवून माडाच्या कोवळ्या पात्यांत गुंडाळून शिजवलेला. पुरुष काखेत कोंबडे घेऊन निघाले होते, कारण रविवार हा झुंजींचा दिवस. कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवत, त्याच्याशी बोलत चालले होते. त्यांतले बरेच कोंबडे संध्याकाळी रश्शात गेले असणार.

दुपारी मानांगबरोबर आम्ही मासळी सुकवतात तिकडे गेलो. बांबूच्या तट्ट्या कमरेएवढ्या उंच, त्यावर पाठीतून चिरून पुस्तकासारखी उघडलेली मासळी ओळीने. त्याला पिनाकास म्हणतात. एक बाई तारलीएवढ्या माशांवर काम करत होती. उजव्या हातात छोटी सुरी. मासा पोटावर धरायचा, डोक्यामागून पाठीच्या काट्याला लागून सुरी शेपटीपर्यंत एकाच ओढीत न्यायची, अंगठ्याने उघडायचा, आतडं काढून डाव्या बादलीत, मासा मिठाच्या पाण्यात उजव्या बादलीत. एक मासा तीन-चार सेकंदांचा. आत्याने सुरी मागून घेतली. हर्णैला बोंबील वलांडीवर टांगतात, तिथे असं चिरायचं नसतं. तरी तिने चार-पाच नीट केले आणि त्या बाईने मान डोलावली. मीठ किती, किती वेळ भिजवायचं, पाऊस आला तर काय करता, अशा चौकशा मानांगमार्फत अर्धा तास चालल्या. वासाचं म्हणाल, तर तो सुकटीचा वास आहे, ज्याला माहेरची ओढ लागते त्याला लागते आणि बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावावा.

बंद हंगामाची गोष्टही तिथेच निघाली. या बाजूच्या समुद्राला विसायन समुद्र म्हणतात. दर वर्षी 15 नोव्हेंबर ते 15 फेब्रुवारी इथे तारली, बांगडा या जातीची मासळी पकडायला बंदी असते, कारण तो त्यांच्या अंडी घालण्याचा काळ. आपल्याकडे महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका बंद, म्हणजे सगळीच मासळी दोन महिने. इथे तीन महिने, पण ठराविक जातींना. आत्याने विचारलं, मग त्या काळात लोक काय करतात? मानोंग म्हणाले, खेकडे, माकुल, बांधकामावर मजुरी, आणि ज्यांना नियम पाळायचा नसतो ते रात्री जातात. आत्याला हे उत्तर ओळखीचं वाटलं असावं, कारण ती हसली. किनाऱ्यापासून 15 किलोमीटरचं पाणी 1998 च्या कायद्याने छोट्या मच्छीमारांसाठी राखलेलं आहे. मोठ्या बोटी तरी आत येतात ही तक्रार इथेही आहे. पर्ससीनची मोठी जाळी टाकणाऱ्यांवरून आणि एलईडीच्या उजेडात मासे पकडणाऱ्यांवरून आमच्या किनाऱ्यावर चालतात ती भांडणं तिने मानोंगना सांगितली. त्यांनी फक्त "सेम, सेम" म्हटलं.

सोमवार, बांकाल ते उत्तर हिगांतेस

वारा रात्रीत पडला. बांकाल हा कार्लेसमधला धक्का; बेटांच्या होड्या इथून सुटतात. नाव नोंदवायचं, पर्यावरण शुल्क भरायचं, लाइफ जॅकेट घालायचं. दीड तासाच्या आसपास प्रवास. पहिला अर्धा तास बेटांच्या आडोशाने आणि मग उघड्यावर. उघड्यावर आल्यावर होडी एका बाजूला कलू लागली, तेव्हा होडीवरचा पोरगा अनवाणी त्या बांबूच्या उलांडीवर चालत गेला आणि टोकाला एका दोरीला धरून उभा राहिला. त्याच्या वजनाने होडी सरळ झाली. लाट पायाखालून गेली की गुडघ्यापर्यंत भिजायचा. दुसऱ्या हाताने फोनवर काहीतरी बघत होता!

फोन आणि कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. वाऱ्याच्या बाजूला बसलात तर डोक्यापासून भिजणार, हे धरून चाला. रोख पैसे एस्तान्सियातच काढून घ्या, बेटांवर एटीएम नाही. एक पेसो साधारण दीड रुपया. आमच्या मुक्कामाला वीज संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत होती, त्यामुळे पॉवरबँक लागतेच.

हिगांतेस म्हणजे राक्षस, महाकाय माणसं. इथल्या गुहांत पूर्वी अवाढव्य शवपेट्या आणि हाडं सापडली अशी कथा आहे, तिच्यावरून हे नाव. मोठी बेटं दोन, उत्तर आणि दक्षिण, आणि भोवती लहान बेटांचा पसारा. आम्ही उतरलो उत्तरेकडच्या ग्रानादा वस्तीत. झावळ्यांच्या छपराची खोली, समोर वाळू, वाळूत बांधलेलं डुक्कर. जाहिरातीतल्या फोटोंत डुक्कर नसतं.

आता सोमवार, आणि आत्याचा सोमवार कडक. मासळीच्या बेटावर शाकाहारी बाई! मला धास्ती होती, तिला नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन तिने भाज्यांची टोपली बघितली : भेंडी, वांगी, चवळीच्या शेंगा, लाल भोपळा, शेवग्याचा पाला आणि मायाळू. त्याची लास्वा करतात, नुसती उकळलेली पातळ भाजी, वर कांदा-टोमॅटो. एरवी तीत सुकी कोलंबी पडते. "नो श्रिम्प, नो फिश, नो गिनामोस" असं तिने तीन बोटं मोजून सांगितलं. गिनामोस हे माशाचं खारवलेलं वाटण. ते नकळत कशातही पडतं, म्हणून शाकाहाऱ्यांनी त्याचं नाव घेऊनच नको म्हणायचं. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं तर भाजीत मासा येतोच, कारण मासा म्हणजे मांस नव्हे अशी इथली समजूत. गरम भात, लास्वा आणि सिनामाक. आत्या म्हणाली, मायाळूला ताकच हवं होतं, पण चालेल.

मंगळवार, लहान बेटं

दिवसभराची होडी ठरवली. ठरवताना भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या, सगळा दिवस तिच्यावर बसवलेला असतो. तांके हे खारं तळं भरतीला भरतं आणि ओहोटीला बरंच उतरतं, म्हणून होडीवाल्याने आम्हाला सकाळी आधी तिथे नेलं. चुनखडीच्या उभ्या कड्यांमधून आत शिरायचं, खडकांवर हात टेकत. आत चारही बाजूंनी भिंती आणि मधे हिरवं, स्वच्छ पाणी. सकाळी लवकर गेल्यामुळे आमच्याशिवाय तिथे एक कोरियन जोडपंच होतं. आत्या खडकावर पाय सोडून बसली, मी पोहले. अर्ध्या तासाने दुसरी होडी आली, तिच्यात स्पीकर होता, मग आम्ही निघालो.

काबुगाओ गामायचा फोटो तुम्ही पाहिलेला असणार. हिगांतेसच्या प्रत्येक पत्रकावर तोच असतो. टोकाच्या खडकावर चढलं की खाली बेट मधे चिंचोळं होत गेलेलं दिसतं आणि दोन्ही बाजूंनी पाण्याच्या दोन निळ्या छटा. दिसायला सुंदर आहे, नाही म्हणणार नाही. पण खडकावर फोटोसाठी रांग, पुढच्याचा पोझ बदलेपर्यंत उन्हात उभं राहायचं. मला बांतिगेचा वाळूचा दांडा जास्त भावला. ओहोटीला तो समुद्रात लांबवर बाहेर येतो आणि बाकडी टाकून बायका शिंपले शिजवत असतात.

आणि स्कॅलप. हिगांतेसला लोक फक्त स्कॅलपसाठीही येतात. स्थानिक नाव टिकाब. पंख्याच्या आकाराचा, तळहाताएवढा शिंपला, एक बाजू तपकिरी-लाल आणि दुसरी पांढरीशुभ्र. हा शिंपला पोहतो. दोन्ही शिंपा झपाझप मिटत-उघडत पाणी मागे फेकतो आणि उडी मारल्यासारखा पुढे जातो. बायकांनी आमच्यासमोर ताटभर उकडून दिले. आत गोल, पांढरा, मऊसर मगज. आत्याने पहिला तसाच खाल्ला, दुसरा सिनामाकात बुडवून, आणि मग बोलणंच बंद. तिसऱ्या ताटाच्या वेळी म्हणाली, "तिसऱ्या-शिंपल्यांना ही चव नाही. पण कालवांना आहे." हर्णैची बाजू तिने तेवढी राखली. वासाय-वासाय नावाचा आणखी एक कुऱ्हाडीच्या पात्यासारखा शिंपला आणि आनिनिकाद नावाची शंखातली गोगलगाय, जी टाचणीने ओढून काढायची, हेही खाऊन बघा. दर आधी विचारा. एकाच किनाऱ्यावर दोन बाकड्यांत दराचा बराच फरक होता.

बुधवार, आस्लुमान आणि दीपगृह

उत्तर बेटाच्या टोकावर स्पॅनिश काळातलं दीपगृह आहे, 1895 चं. आज दिवा लोखंडी मनोऱ्यावर आहे. जुन्या रखवालदारांच्या घराच्या विटांच्या भिंती उभ्या, छप्पर गेलेलं. हाबाल-हाबालने, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून, पायथ्यापर्यंत जाता येतं. रस्ता असा की उतरल्यावर आत्याने चालकाच्या पाठीवर थोपटून शाबासकी दिली.

परतताना याच बेटावरच्या आस्लुमान वस्तीत थांबलो. इथे वाट पांढरी आहे, कारण ती शिंपल्यांची आहे. वर्षानुवर्षांचे स्कॅलपचे शिंपले घरांच्या मागे ढिगाने पडलेले, त्यांचीच भर घातलेली, त्यांच्यावरच पोरं खेळतात. एका मांडवाखाली आठ-दहा बायका शिंपले सोलत होत्या. सुरी फटीत घालायची, मनगट फिरवायचं, पांढरा मगज डब्यात, बाकीचं खाली. मजुरी सोललेल्या मगजाच्या किलोवर. आता शिंपला पूर्वीपेक्षा लहान येतो आणि एका किलोला जास्त सोलावे लागतात, असं त्यांच्यातल्या एकीने सांगितलं, हात न थांबवता. काल तीन ताटं खाल्ली होती. ते शिंपले तळहाताएवढे होते. इथल्या ढिगात वरच्या थरातले बरेचसे बिस्किटाएवढे. पर्यटकांच्या ताटात मोठे जातात, एवढं तरी तिथे उभं राहिल्यावर कळलं.

त्यांच्यातल्याच एका आजीने बाकवितानची गुहा दाखवायला नातवाला आमच्याबरोबर दिलं. वादळात गाव या गुहेचा आसरा घेत आलं आहे. 8 नोव्हेंबर 2013 ला योलांदा वादळ (जगाने त्याला हैयान म्हटलं) पनायच्या याच कोपऱ्यावरून, शेजारच्या कॉन्सेप्सिऑनवरून गेलं. होड्या फुटल्या, घरं उडाली. एस्तान्सियाच्या किनाऱ्यावर वीजनिर्मितीचं एक तरंगतं जहाज खडकावर आदळून तेल सांडलं आणि आजूबाजूची वस्ती हलवावी लागली. नातू तेव्हा जन्मलाही नव्हता, पण पाणी कुठपर्यंत आलं होतं ते हाताने दाखवत होता. आत चढून गेल्यावर थंड, ओलसर दालनं आहेत. विजेरी आणि चांगली पकड असलेले बूट हवेतच. आत्या पहिल्या दालनापर्यंत आली आणि तिथेच बसली. तौक्ते आणि निसर्ग ही दोन्ही वादळं तिने हर्णैत काढली आहेत. निसर्गमध्ये तिच्या परसातले माड पडले. ती त्या मुलाला मराठीतच म्हणाली, "आमच्याकडे गुहा नाही रे, आम्ही शाळेत जाऊन बसलो होतो." तो "येस, येस" म्हणाला.

गुरुवार, एस्तान्सिया

सकाळच्या प्रवासी होडीने थेट एस्तान्सियाला आलो. ही होडी गावकऱ्यांची. पोती, कोंबड्या, बर्फाचे रिकामे डबे, शाळेची मुलं. भाडं पर्यटकांच्या होडीच्या मानाने फारच कमी. बेटांवर राहायचंच असेल आणि घाई नसेल, तर याच होडीने जा-ये करा. एस्तान्सियाहून ती सहसा दुपारी निघते, पण आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून घ्या.

एस्तान्सियाला फिलिपिन्सचं अलास्का म्हणतात, मासळीच्या भरघोस आवकीमुळे. बंदरावर उतरलो तेव्हा बाजार भरात होता. सुरमईच्या जातीचे तांगिगे, हेकरूसारखे लापू-लापू, निळ्या चिंबोऱ्या आणि हासा-हासाच्या टोपल्यांवर टोपल्या. बंद हंगाम उठून दोन-तीन आठवडेच झाले होते. लाकडी फळ्या, बर्फाचं पाणी, रबरी बूट, डोक्यावर टोपल्या घेऊन धावणारी पोरं. हर्णैला बोली मोठ्याने लागते, मनिलाकडच्या काही बंदरांत ती विक्रेत्याच्या कानात कुजबुजून सांगतात. इथे आमच्यासमोर तरी किरकोळ विक्री चालू होती, त्यामुळे आत्याला थेट बाजारात उतरता आलं.

एस्तान्सियाच्या धक्क्याजवळच्या खानावळी तुम्ही विकत घेतलेला मासा भाजून देतात, थोडं शिजवणावळ घेऊन. आत्याने हासा-हासाच्या टोपलीपाशी बैठक मारली. मानांगच्या वयाची विक्रेती. आत्याने एका माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग बघितला, दुसऱ्याचा डोळा, तिसऱ्याच्या पोटावर अंगठा दाबून बघितला. विक्रेती हे सगळं बघत होती आणि हसू दाबत होती. भाव सांगितला. आत्याने बोटांनी कमी केला. विक्रेतीने नाही म्हणून मान हलवली. आत्या उठली. विक्रेतीने हात धरून बसवलं. भाव शेवटपर्यंत उतरला नाही, पण तोलून झाल्यावर तिने वर एक मासा टाकला. आत्याने आणखी एकाकडे बोट दाखवलं. मग आजूबाजूच्या बायका ओरडू लागल्या, बहुधा आत्याच्या बाजूने, आणि दुसराही पडला.

खानावळीत ते मासे केळीच्या पानावर आले. आत्याने मानांगने बांधून दिलेली सिनामाकची बाटली पिशवीतून काढली. तोवर मी तागबाकच्या बसची वेळ विचारून आले. पुढची अर्ध्या तासात होती, त्यानंतर दर थोड्या वेळाने असतात असं वाहकाने सांगितलं.

"मग ही जाऊ दे," आत्या म्हणाली, "अजून दोन आहेत."